आधी ऊन मोजा, मग रोप आणा

जूनमधला पहिला दमदार पाऊस झाला की त्यानंतरच्या रविवारी घोडबंदर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांसमोर गाडी लावायला जागा मिळत नाही. ‘दोनच रोपं घेऊ’ म्हणून आत शिरलेला माणूस गुलाब, जास्वंद, लिंबू, एखादं विदेशी पानांचं झाड आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली तुळस अशी डिकी भरून घरी येतो. गणपतीपर्यंत त्यातली बरीचशी माना टाकतात. दिवाळीच्या साफसफाईत रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ड्राय बाल्कनीत जातात आणि घरात एक कायमचा निकाल लागतो, ‘आमच्या हाताला गुण नाही’.

हाताच्या गुणाचा यात काही संबंध नसतो. क्रम उलटा झालेला असतो. रोप ही बागेतली शेवटची खरेदी असायला हवी. त्याआधी चार गोष्टी ठरल्या पाहिजेत: ऊन किती, भार किती पेलेल, पाणी कुठून आणि कुणी घालायचं, आणि बागेसाठी तुमच्याकडे वेळ किती. ही चार उत्तरं कागदावर आली की रोपांची यादी जवळजवळ आपोआप तयार होते, आणि ती नर्सरीत मोह पडलेल्या यादीपेक्षा खूपच लहान असते.

जुन्या नौपाड्यात किंवा डोंबिवलीत बैठ्या घरांना परसदार होतं, विहीर होती. दारात प्राजक्त, मागे केळ आणि अळू. तिथे बाग कुणी आखत नसे, सांडपाणी जाईल तिकडे ती वाढत असे. आता जागा स्लॅबची आणि ऊन समोरच्या टॉवरच्या मर्जीवर, म्हणून आखणी करावी लागते.

ऊन

ठाणे-कल्याण पट्टा साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर येतो. याचा बागेशी थेट संबंध आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो. उरलेलं सगळं वर्ष तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि डिसेंबरात तर भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या बाल्कनीत डिसेंबर-जानेवारीत ऊन थेट हॉलच्या फरशीपर्यंत येतं. तीच बाल्कनी मे महिन्यात, वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे, दुपारभर सावलीत असते आणि ऊन फक्त कठड्याच्या कडेला पडतं. उत्तरेकडच्या बाल्कनीचं नेमकं उलट. हिवाळाभर तिथे उन्हाचा कवडसाही नाही, मेअखेरीला मात्र सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. ‘आमच्याकडे ऊन येतं’ हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. कोणत्या महिन्यात, किती वाजता, कुठल्या फरशीपर्यंत, हे सांगता आलं पाहिजे.

मोजायची पद्धत अगदी साधी. सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दर दोन तासांनी बाल्कनीचा मोबाइलवर एकाच जागेवरून फोटो काढा. संध्याकाळी फोटो ओळीने बघा आणि फरशीवर खडूने उन्हाची हद्द आखा. सहा तास किंवा जास्त थेट ऊन म्हणजे फुलं आणि फळभाज्या, तीन-चार तास म्हणजे पालेभाज्या, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा आणि त्याहून कमी म्हणजे पानांची शोभेची झाडं. या हिशेबात घासाघीस चालत नाही. दोन तासांच्या उन्हात मोगरा जगतो, पानंही धरतो, फूल मात्र देत नाही. आणि मग खताला दोष दिला जातो.

पूर्वेची बाल्कनी नवशिक्यासाठी सगळ्यांत चांगली, कोवळं ऊन आणि दुपारी विश्रांती. पश्चिमेचं ऊन एप्रिल-मेमध्ये पानं करपवतं. तिथे कडेला हिरवी जाळी किंवा गोकर्णासारखा वेल आडोशाला लावावा आणि त्याच्या आत नाजूक झाडं ठेवावीत.

उन्हाबरोबर आणखी तीन गोष्टी बघून ठेवा. एसीचं बाहेरचं युनिट जिथे गरम हवा फेकतं त्या झोतात काहीही टिकत नाही. उंच मजल्यावर वारा लागतो, त्यामुळे दहाव्या-पंधराव्या मजल्यावर उंच, सडसडीत झाड बारक्या प्लास्टिकच्या कुंडीत ठेवणं धोक्याचं. बुटकी, पसरट आणि वजनदार कुंडी घ्यावी. तिसरी गोष्ट पाहुण्यांची. कबुतरं सगळीकडेच आहेत. पेरलेल्या कुंडीत ती बिनदिक्कत बसतात, बी उकरतात आणि मोकळ्या मातीत अंडीही घालतात. रोप हातभर होईपर्यंत कुंडीवर जाळी किंवा मातीत उभ्या खोचलेल्या काड्या हव्यातच. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना माकडांचाही विचार करावा लागतो. तिथे टोमॅटो आणि पेरूची स्वप्नं न बघता गवती चहा, पानओवा, पुदिना, कोरफड यांच्यावर समाधान मानलेलं बरं.

भार

या विषयावर माळी बोलत नाहीत, नर्सरीवाले बोलत नाहीत आणि सोसायटीचे सेक्रेटरी फक्त ओरडतात. म्हणून जरा सविस्तर.

ओल्या मातीचं वजन घनफुटाला ५० किलोच्या आसपास भरतं. बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर २०-२५ किलोंची होते. आता गच्चीचा हिशेब करू. इमारतींवरच्या भारासाठी आपल्याकडे आय. एस. ८७५ हे भारतीय मानक आहे. त्यानुसार वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो वापराचा भार धरतात. त्याच चौरस मीटरवर फूटभर जाडीचा मातीचा वाफा केलात तर एकट्या ओल्या मातीचं वजन ५०० किलोंच्या वर जातं. म्हणजे तिपटीहून जास्त, आणि तेही दिवसरात्र, वर्षानुवर्षं. ‘आमचा स्लॅब मजबूत आहे’ हे उत्तर इथे चालणार नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. आपली इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल तर गच्चीवर काहीही मांडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं मत आणि सोसायटीची लेखी परवानगी, दोन्ही घ्या. वॉटरप्रूफिंगवर थेट माती टाकणं तर नकोच. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर, फरशीपासून दोन-तीन इंच वर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल आणि कधी गळती झालीच तर ती कुठून हे तरी कळेल. जड कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेत, हलक्या मध्ये.

भार कमी करायचा उत्तम मार्ग म्हणजे माती कमी करणं. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’तून हेच शिकवलं. वाळलेला पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि थोडीशी माती यांतून झाडाला लागणारं सगळं तयार होतं. त्यांच्या ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकाने अनेकांना गच्चीवर चढवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच विचारातून भाज्या आणि फळझाडं वाढवली. कँटीनचा ओला कचरा गच्चीवरच जिरवला. आपल्या भागात यासाठी लागणारा कच्चा माल फुकट आहे. सोसायटीचा सफाई कामगार रोज सकाळी पाला झाडून गोणीत भरतो. त्याला सांगून एक गोणी मागून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळीच्या वेळी तर हवा तेवढा मिळतो, तेव्हाच वर्षभराचा साठा करावा.

बाल्कनीला भार जरा जास्त चालतो, पण तिथला धोका वेगळा. कठड्यावर ठेवलेली कुंडी वादळी वाऱ्यात खाली जाते. ती नुसती ठेवू नका, तारेने बांधूही नका, कठड्यावर ठेवूच नका. अडकवायचीच असेल तर ग्रिलच्या आतल्या बाजूने अडकवा. ग्रिलमधल्या कुंड्यांचं मातकट पाणी खालच्या घरातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं आणि मग बागेचा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातो. खाली ट्रे ठेवणं हा तंटा मिटवण्याचा स्वस्त उपाय.

कागदावरची बाग

चौकटींची वही घ्या. एक चौकट म्हणजे अर्धा फूट. समजा डोंबिवलीतली पूर्वेकडची, आठ फूट बाय चार फुटांची बाल्कनी आहे. आधी ज्या गोष्टी हलणार नाहीत त्या काढा: सरकत्या दाराची जागा, वॉशिंग मशीन, कपड्यांची दांडी, पाणी जायची जाळी. जाळीभोवती फूटभर जागा मोकळी सोडा. तिथे कुंडी ठेवली की पाला अडकून पहिल्याच मोठ्या पावसात बाल्कनीचं तळं होतं. मग माणसाची जागा काढा. घडीची एक खुर्ची आणि तिच्यापर्यंत जायची दोन फुटांची वाट. बहुतेक बाल्कन्यांत हेच राहून जातं. कुंड्या चहूबाजूंनी येतात आणि बागेत बसायला बागेच्या मालकालाच जागा उरत नाही.

आता उरलेल्या चौकटी मोजा. आठ बाय चारमधून बागेला मिळतात त्या दहा-बारा चौरस फूट, त्याही कडेकडेच्या. त्यात एका कोपऱ्यात सोळा इंची कुंडीत कढीपत्ता, ग्रिलच्या बाजूला जिथे ऊन आधी येतं तिथे दोन मोगरे, ग्रिलच्या आत लांबट ट्रेमध्ये पालेभाजी, दुसऱ्या कोपऱ्यात तारेवर चढवलेला निळा गोकर्ण आणि भिंतीच्या सावलीत स्नेक प्लांट. संपली बाग. ही यादी तुम्हाला फार छोटी वाटेल. पहिल्या वर्षी एवढीच ठेवा.

मांडणीचा एक नियम सगळीकडे उपयोगी पडतो. बाग कुठून बघितली जाणार आहे, ते आधी ठरवा. बहुतेक वेळा ती जागा हॉलमधला सोफा असते. सोफ्यावर बसून बाहेर बघा. उंच झाड दाराच्या मधोमध आलं तर घर अंधारतं, कडेला आलं तर त्याच दाराला छान चौकट मिळते. उंच मागे, बुटकं पुढे हे पुस्तकातलं झालं. बाल्कनीत ‘मागे’ म्हणजे ग्रिलकडे, आणि तिथे उंच झाड उभं केलं की मागच्या सगळ्यांचं ऊन जातं. म्हणून पूर्व-पश्चिम बाल्कनीत उंच झाडं दोन्ही टोकांना ठेवावीत. कुंड्या शक्यतो एकाच रंगाच्या घ्याव्यात. सात रंगांच्या सात कुंड्या असल्या की डोळा कुंड्याच बघतो.

आणि एक गोष्ट खास आपल्या भागासाठी. इथला माणूस सकाळी सातच्या लोकलला असतो आणि रात्री आठ-साडेआठला घरात शिरतो. आठवड्यातले पाच-सहा दिवस तो आपली बाग फक्त अंधारात बघतो. लाल जास्वंद आणि जांभळी पेटुनिया त्याच्या उपयोगाची नाहीत, संध्याकाळी ती काळी दिसतात. नोकरदाराच्या बागेत पांढरी आणि सुगंधी फुलं हवीत. मोगरा मार्च ते जून, अनंत उन्हाळ्याच्या शेवटी, कुंती पावसाळ्यात, सोनटक्का ऑगस्टपासून संध्याकाळी उमलतो, प्राजक्त पावसाच्या उत्तरार्धापासून रात्री फुलतो आणि हिवाळ्यात पांढरी शेवंती. यातली तीन निवडली तरी वर्षातला बराच काळ दार उघडताच वास येईल. सोनटक्क्याला ओल फार लागते आणि जागाही, तो गच्चीवर किंवा खाली जमिनीत बरा. प्राजक्त मोठ्या ड्रममध्ये जमतो, पण दर वर्षी फुलोरा संपल्यावर छाटणी हवी. रातराणी मी मुद्दाम सांगितली नाही. बंद बाल्कनीत तिचा वास दोन दिवस आवडतो, तिसऱ्या दिवशी डोकं धरतं.

माती आणि पाणी

नर्सरीत गोणीतून मिळणारी लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत कुंडीत विटेसारखी बसते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग हलकं काहीतरी, हे मिश्रण सुरुवातीला पुरतं. हलकं म्हणजे बाल्कनीत कोकोपीट चालतं. उघड्या गच्चीवर मात्र ते पावसात पाणी धरून ठेवतं आणि मुळं कुजतात. तिथे भाताचं तूस घाला. मुरबाड-शहापूरकडे भाताच्या गिरण्या आहेत, ओळखीतून एखादं पोतं आणता येतं. दर कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा, उपडा. भोक बुजलं तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

ठाणे परिसरात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे आपली बाग चार महिने बुडण्याच्या आणि आठ महिने वाळण्याच्या भीतीत असते. नवशिक्याची झाडं जास्त करून बुडूनच मरतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही, हा नियम ऋतू कोणताही असो लागू पडतो. पावसाळ्यातली एक गंमत लक्षात ठेवा. बाहेर धो धो पाऊस पडत असताना स्लॅबखालची आतली कुंडी कोरडी ठणठणीत असू शकते. ‘पाऊस आहे की’ म्हणून आपण पाणी घालत नाही आणि भर जुलैत कढीपत्ता तहानेने पिवळा पडतो.

खाडीलगतच्या भागात सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर ते आधी चाखून बघा. मचूळ पाणी सतत घातलं की पानांची टोकं जळतात आणि मातीवर पांढरा थर येतो. अशा वेळी भाज्या-डाळी धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालावं. पाणीकपातीच्या आणि शटडाऊनच्या दिवशीही हीच बादली कामी येते.

मे महिन्यात गावी जाणं हे बागेवरचं सर्वांत मोठं संकट. पंधरा दिवसांची सोय अशी करावी: सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, मातीवर दोन-तीन इंच वाळलेला पाला पसरावा, मोठ्या कुंड्यांत मातीचं बोळकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून वर झाकण ठेवावं. बोळक्यातून पाणी झिरपत राहतं. तरीही चार-पाच दिवसांनी ते भरायला कुणीतरी लागतंच, तेव्हा शेजाऱ्यांकडे किल्ली द्या आणि येताना त्यांच्यासाठी आंबे आणा.

कुंडीखालच्या ताटल्यांचं पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओता. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून उडण्यापर्यंत त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात. मनी प्लांटच्या बाटल्यांतलं पाणीही यात आलं. पावसाळ्यात तर ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

केव्हा, काय

कुंडीतल्या बागेची सुरुवात ऑक्टोबरात करा. जूनचा मोह टाळा. पाऊस थांबलेला असतो, उन्हाला अजून धार आलेली नसते आणि पुढचे चार महिने मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो सगळं येतं. पहिलं पीक मेथीचं घ्या. आपल्या बाजारात ज्या बारक्या जुड्या ‘समुद्रमेथी’ म्हणून मिळतात, ती रेतीत वाढवलेली कोवळी मेथीच असते. पसरट ट्रेमध्ये दोन इंच मिश्रण, त्यावर घरातल्या डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पसरायचे, वर मातीचा पातळ थर. दहा-बारा दिवसांत भाजी. यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही आणि पहिल्या पंधरवड्यात ताटात काहीतरी आलं की पुढचा धीर येतो. कोथिंबिरीचे धणे मात्र लाटण्याने हलके रगडून, दोन फाका करूनच पेरावेत.

पावसाळ्यात पालक-कोथिंबिरीच्या मागे लागू नका, सडतात. त्या दिवसांत मायाळू, अळू, पडवळ, भेंडी लावा. मायाळूची तर बाजारातून आणलेल्या भाजीची जाडसर काडी खोचली तरी वेल होतो, त्याची भजी होतात आणि नवशिक्याला ‘माझा वेल’ म्हणून मिरवता येतं. जमिनीत लावायची झाडं, वेल आणि फांद्या यांच्यासाठी मात्र जून-जुलैच योग्य.

सणांचं वेळापत्रक उलट मोजावं. झेंडू बी पेरल्यापासून फुलायला दोन-अडीच महिने घेतो, म्हणून दसऱ्याच्या अडीच महिने आधी पेरा. घटस्थापनेला कुंड्या शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो आणि कल्याणच्या फुलबाजारातलाच झेंडू आणावा लागतो. गौरीसाठी तेरडा जूनमध्ये टाकला की पुढच्या वर्षीपासून तो आपला आपण उगवतो. तुळशीच्या मंजिऱ्या येतील तशा खुडत राहा. बी धरू दिलं की झाड वठतं आणि लोक त्याला दृष्ट लागली म्हणतात. एखाद-दोन मंजिऱ्या वाळवून ठेवल्या तर नवीन रोपं घरचीच होतात.

ऊन अजिबात नसेल तर निराश होऊ नका आणि गुलाबही आणू नका. स्नेक प्लांट, झेडझेड, अ‍ॅग्लोनेमा, मनी प्लांट, पीस लिली आणि फर्न यांच्यावर उत्तरेची बाल्कनी वर्षभर हिरवी राहते. फर्नला ऑक्टोबरचा उकाडा सोसत नाही, तेवढी पाण्याची फवारणी करावी. डोंबिवलीच्या एमआयडीसीच्या आसपास राहत असाल तर पानांवर धूळ आणि काजळी बसते. आठवड्याने पानं धुवा आणि खायच्या पालेभाज्या नीट धुऊनच स्वयंपाकघरात न्या.

कीड येणारच. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा. पण लिंबू किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी अळी आढळली तर हात आखडता घ्या. ती मॉर्मन जातीच्या फुलपाखराची असू शकते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेल्या ब्लू मॉर्मनची अळीही लिंबाच्याच जातीच्या झाडांवर वाढते. पानं खाल्ली जातात, झाड मरत नाही. झाडाला पुन्हा पालवी फुटते. काही पानांच्या मोबदल्यात घरात फुलपाखरू जन्माला येताना बघता येतं. कुठल्या झाडावर कुठलं फुलपाखरू येतं हे समजून घ्यायचं असेल तर घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत मुलांना घेऊन जा. फुलपाखरांसाठी कशी लागवड करतात ते तिथे बघायला मिळतं.

सोसायटीचा पट्टा

तळमजल्यावर कंपाउंडच्या कडेने दोन-तीन फुटांचा पट्टा मिळाला तर तो सोनं आहे असं वाटतं. आधी दीड फुटाचा खड्डा खणा. बहुतेक वेळा वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडाच निघतो. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तसंच असेल तर तिथे झाड लावून उपयोग नाही, विटांचा उंच वाफा करा. ड्रेनेजच्या चेंबरजवळ आणि भिंतीला लागून वड-पिंपळाच्या जातीचं काहीही लावू नका. गुलमोहोर दिसायला देखणा, पण पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या सहज मोडतात, आणि खाली गाड्या उभ्या असतात. अरुंद जागेत सोनचाफा, सीता अशोक, कुंती, प्राजक्त. जरा ऐसपैस असेल तर बहावा किंवा आपलं राज्यफूल तामण.

झाड लावणं सोपं, काढणं सोपं नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार आपल्या आवारातलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, म्हणून जागा पहिल्यांदाच नीट निवडा. आणि इमारत पुनर्विकासाला जायची चर्चा सुरू असेल, जी आपल्याकडे निम्म्या सोसायट्यांत सुरूच असते, तर त्या पट्ट्यात आंबा लावायचा हट्ट धरू नका. मोठ्या ड्रममध्ये लावा, म्हणजे भाड्याच्या घरात आणि नंतर नव्या घरातही नेता येईल.

खरेदीचं शेवटी. रोप घेताना फुलांनी डवरलेलं घेऊ नका, नवी पालवी असलेलं घ्या. पिशवी उचलून खाली बघा, मुळं बाहेर येऊन गुंडाळली असतील तर ते तिथेच ठेवा. घरी आणल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून मगच कुंडीत लावा. जानेवारी-फेब्रुवारीत ठाणे महापालिकेचं ‘वृक्षवल्ली’ प्रदर्शन भरतं, तिथे एक फेरी मारली तर काय काय मिळतं ते कळतं आणि अनुभवी लोक भेटतात. बाकी मोगरा, जास्वंद, अनंत, नागवेल, पानओवा, गवती चहा, मायाळू यांतलं काहीही विकत घ्यायची खरं तर गरज नाही. जुलैमध्ये जो शेजारी छाटणी करताना दिसेल त्याच्याकडे फांदी मागा. बागवाला माणूस फांदीला नाही म्हणत नाही, उलट ती कशी लावायची हे सांगायला तुमच्या घरापर्यंत येतो.